फरक कळत नाही

धाकटीला वास आधी यायचा, बातमी नंतर. लहानपणी शाळेतून येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ती सांगून टाकायची, दुसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध उतू गेलंय, समोरच्यांनी नवे बूट आणलेत आणि आपल्या घरी पाहुणे बसलेत. थोरली बहीण खात्री करायला वर धावायची आणि हिरमुसून खाली यायची, कारण धाकटीचं म्हणणं चुकायचंच नाही. वडील म्हणायचे, "हिच्या नाकाला एखादी नोकरी बघा. बाकीची घरी बसली तरी चालेल."

पुढे झालंही जवळपास तसंच. वडील गेले, शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि ती एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागली. एक दिवस तिने साहेबांना सांगितलं, चौथ्या कॅनमधलं दूध संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. साहेब हसले, आणि संध्याकाळी ते दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी तिला तपासणीच्या टेबलाशी खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवर तिने एकोणीस वर्षं काढली. मधल्या काळात लग्न झालं. नवरा शहर बसवर ड्रायव्हर. माणूस देवासारखा, पण भाजलेला पाव आणि जळलेला पाव यातला फरक त्याला दाखवून द्यावा लागायचा.

डेअरी बंद पडली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तीन महिने घरी बसून तिने घरातलं एकेक कपाट हुंगून काढलं. मग एका रविवारी थोरलीचा नवरा, म्हणजे तिचे भावोजी, घरी आले आणि म्हणाले, आमच्याकडे ये. भावोजी एका लहानशा कारखान्यात बिअर बनवायचे.

"भावोजी, मी आयुष्यात बिअर प्यायलेली नाही," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच तर. पिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत."

कारखाना म्हणजे एका जुन्या साबण कारखान्याची शेड होती. मालक मूळचा वेल्डर. त्याने भंगारात निघालेल्या दुधाच्या टाक्या आणल्या, कापल्या, जोडल्या, त्यांना नळ्या लावल्या आणि त्यात बिअर बनवायला घेतली. मालक झाला तरी सगळे त्याला वेल्डरच म्हणायचे, आणि त्यालाही तेच आवडायचं. शेडमध्ये त्याला धरून अकरा माणसं होती. पहिल्याच दिवशी धाकटीने सांगितलं की उत्तरेकडच्या भिंतीला अजून साबणाचा वास आहे, धान्याची पोती तिथून हातभर लांब ठेवा. कुणालाच तो वास येत नव्हता, पण पोती हलली. आठवड्याभरात भावोजी सगळ्या शेडचे भावोजी झाले आणि ती सगळ्यांची धाकट्या बाई. केस पांढरे व्हायला लागलेल्या बाईला सगळे धाकट्या बाई म्हणतात, याचं नव्या माणसाला हसू यायचं.

भावोजींची बिअर काळसर होती. बार्लीचा एक हिस्सा ते जुन्या लोखंडी ड्रममध्ये स्वतः भाजायचे. ड्रम फिरवताना कान देऊन ऐकायचे आणि आतल्या दाण्यांचा आवाज बदलला की विस्तव ओढायचे. पुढे उघड्या टाकीत अकरा दिवस आंबवण चालायची. दुसरा कुणी असता तर पाच दिवसांत उरकली असती. या सगळ्या खटाटोपाचं फळ एवढंच की घोट गिळल्यावर, आता सगळं संपलं असं वाटल्यावर, मागून भाजक्या पावाच्या कडेची चव यायची, जिभेवर जरा रेंगाळायची आणि जायची. शेडमध्ये त्या चवीला 'शेवट' म्हणायचे. रोज सकाळी दहा वाजता धाकटी टाकीतली दोन घोट बिअर ग्लासात घ्यायची आणि भावोजी समोर उभे राहून विचारायचे, "शेवट आलाय का, धाकटे?"

एकदा तिने सांगितलं, आला नाही. भावोजी भांडले. दोन दिवस बोलले नाहीत, त्या दोन दिवसांत थोरलीच्या घरी जेवणही मुकाट झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः व्हॉल्व्ह उघडला आणि अख्खी टाकी गटारात सोडून दिली. वेल्डर डोक्याला हात लावून बसला, तर त्याला म्हणाले, ती म्हणाली म्हणजे म्हणाली. त्या दिवसापासून धाकटीच्या शब्दापुढे शेडमध्ये कुणी शब्द काढला नाही.

अशी अकरा वर्षं गेली.

त्या सुमारास एक मोठी बिअर कंपनी अशा लहान लहान भट्ट्या एकामागून एक विकत घेत सुटली होती. रीत ठरलेली. आधी कौतुकाचं पत्र यायचं. मग मऊ बुटांची माणसं शेड बघायला यायची आणि प्रत्येक नळीला वा वा म्हणायची. मग सही. बाहेरची पाटी तीच राहायची, बाटलीवरचं चित्र तेच राहायचं, आतली माणसं हळूहळू दिसेनाशी व्हायची. वेल्डरने चार वर्षं त्या पत्रांना उत्तर दिलं नाही. पण दुकानांमधल्या फळ्या कंपनीच्या हातात होत्या. दुकानदार तोंडावर गोड बोलायचे आणि याच्या बाटल्या मागच्या रांगेत, झाडूच्या शेजारी ठेवायचे. त्यात वेल्डरचे हात थरथरायला लागले होते. ज्या माणसाने डोळे मिटून सांधा जोडला असता, त्याला आता शर्टाची बटणं लावायला बायको लागायची.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना बोलावलं आणि शेड विकल्याचं सांगितलं. पण मी एक अट घालून घेतलीय, म्हणाला.

"आपली बिअर इथेच बनेल. त्यांच्या कारखान्यात बनवलेली आणि इथे बनवलेली, यात फरक आहे तोवर ती इथून हलणार नाही. आणि फरक आहे की नाही हे त्यांचा कुणी साहेब ठरवणार नाही. धाकट्या बाई ठरवतील. कागदावर लिहून घेतलंय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माल चढवणारा, सगळे त्याला पैलवान म्हणायचे, मोठ्याने म्हणाला की मग तर आपण इथूनच म्हातारे होऊन निघणार. घराला चांगलं कुलूप बसल्यावर माणूस जसा निश्चिंत दिसतो, तसे भावोजी दिसले.

कंपनीची प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथले प्रमुख एक डॉक्टर होते. औषधांचे नव्हेत, चवीचे. बोलणं हळू, कपडे साधे, आणि धाकटीला पहिल्या भेटीपासून 'मॅडम' म्हणायचे. हा शब्द तिने बसमध्ये, बँकेत ऐकला होता, पण तो तिला बाजूला सरकवण्यासाठी वापरलेला असायचा. या माणसाच्या तोंडी तो वेगळा वाटला.

परीक्षेची खोली अरुंद होती. टेबलाला दोन्ही बाजूंनी फळ्या, वर लाल दिवा, म्हणजे बिअरचा रंग बघून अंदाज बांधायला नको. समोरच्या भिंतीतल्या झडपेतून तीन ग्लास यायचे. एक बिअर शेडमधली, दुसरी कंपनीने तशीच बनवलेली; दोन ग्लास एकीचे, एक दुसरीचा. वेगळा ओळखायचा आणि चिठ्ठीवर त्याचा आकडा लिहायचा. फरक जाणवला नाही तर तसं लिहायचं. एका बैठकीत अशा तीन फेऱ्या.

पहिल्या बैठकीत तिने तिन्ही वेळा अचूक ओळखलं आणि खाली लिहिलं, उकळताना वाफ कोंडली आहे, शिजलेल्या कोबीचा वास येतो. डॉक्टरांनी कंपनीच्या कारखान्यात फोन लावला. वाफेची झडप खरोखरच अर्धी बंद राहिली होती. डॉक्टरांनी फोन ठेवला. मग त्यांनी प्रयोगशाळेतल्या चार शिकलेल्या माणसांना बोलावलं आणि म्हणाले, मॅडमना विचारा तुम्हाला काय विचारायचं ते.

त्या दिवशी ती घरी आली ती हवेत तरंगत. नवऱ्याला तीन वेळा सांगितलं.

दुसऱ्या बैठकीत तिने पाण्यातला दोष काढला. तिसरीत सांगितलं की बार्ली यंत्राने भाजली आहे, सगळे दाणे एकसारखे झालेत, आमच्याकडे काही कमी काही जास्त भाजतात. चौथ्या वेळी आंबवण घाईची आहे, उघड्या टाकीत करून बघा, म्हणाली. परतीच्या बसमध्ये, खिडकीशी बसल्या बसल्या, तिच्या मनात पहिल्यांदा आलं की आपण यांना वाट दाखवतोय. आपण फक्त आकडा लिहायचा होता. कारण कुणी विचारलं नव्हतं, ते आपण होऊन सांगितलं, आणि त्या चार माणसांनी वह्या काढून लिहून घेतलं. हा विचार तिने थांब्यावर उतरेपर्यंत दाबून टाकला. शेडमध्ये भावोजी विचारायचे, पुन्हा पकडलंस का त्यांना? ती म्हणायची, पकडलं. सगळे हसायचे. वह्यांचं तिने कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या वेळी कारखान्याची बिअर फार जवळ आली होती. शेवट यायचा, पण अर्ध्यातच तुटायचा. तिने ओळखलं, पण तिसऱ्या फेरीला तीनदा हुंगावं लागलं. बैठकीनंतर डॉक्टरांनी तिला शेजारची खोली दाखवली. मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलामागे खुर्ची, खुंटीवर एक पांढरा कोट. मुख्य चव परीक्षकाची जागा आहे, म्हणाले, वर्षभर रिकामी आहे. आम्हाला पदवी लागते असं नाही. पण तुम्ही सध्या त्यांच्या बाजूने परीक्षक आहात, त्यामुळे आत्ता काही बोलणं बरोबर होणार नाही. एवढंच म्हणाले आणि दिवा बंद केला. त्यात बोट ठेवावं असं काही नव्हतं. धाकटीने पुढे कितीदा तरी ते बोलणं मनात उलटंपालटं करून बघितलं, पण डॉक्टरांचा दोष काही तिला सापडला नाही.

सहावी बैठक दोन महिन्यांनी झाली. त्या दिवशी कंपनीचे बरेच लोक आले होते. बाहेरच्या बाकावर बसलेले तिला काचेतून दिसत होते. कुणी घड्याळ बघत होतं, कुणाची गाडी चुकणार होती. झडपेतून तीन ग्लास आले. तिने पहिला उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. तिसरा वेगळा होता. पहिल्याच वासाला कळलं, घोट फक्त खात्रीसाठी घेतला. शेवट येत होता, पुरता येत होता, पण पावाच्या कडेचा नव्हता. पावाच्या कडेचं कुणी नीट वर्णन केलं तर ते जसं असेल, तसा होता.

तिने पेन्सिल उचलली. काचेतून डॉक्टर तिच्याकडे बघत होते. चेहरा दमलेला, पण हसरा. तिच्या मनात आलं की आता तीन लिहिलं की हे सगळे उठतील, पुन्हा दोन महिने, पुन्हा हेच, आणि एक दिवस ही माणसं म्हणतील की ही बाई अडवते आहे. आपल्याला मॅडम म्हणणारे हे सगळे. तिने लिहिलं, फरक कळत नाही.

ते तीन शब्द लिहायला तिला बराच वेळ लागला. पुढच्या दोन फेऱ्यांना लागला नाही.

बाहेर आल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी गैर काही बोललं नाही. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुम्ही नसता तर आम्ही इथवर आलोच नसतो. ते खरं होतं.

शेडमध्ये तिने उभ्यानेच सांगितलं. पैलवानाने हातातली पेटी खाली ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, एवढं नाक, आणि नेमकं आजच बंद पडलं? भावोजी त्याच्यावर असे धावून गेले की तिला मध्ये पडावं लागलं. अकरा वर्षांत तिने एकदा तरी खोटं सांगितलंय का, असं ते ओरडत होते. एक अख्खी टाकी मी हिच्या शब्दावर ओतली, आज आपल्या सोयीचं नाही म्हणून ती खोटी?

सगळे पांगल्यावर ते धान्याच्या पोत्यावर बसले. धाकटी समोर उभी होती.

"खरंच सारखी होती?" त्यांनी विचारलं.

"हो, भावोजी."

"शेवट?"

"शेवटसुद्धा."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलले की जणू तिला सांगतच नव्हते.

"आठ महिन्यांत जमलं त्यांना. मग मी सव्वीस वर्षं काय करत होतो?"

तेव्हा बोलता आलं असतं. कागद अजून ओला होता म्हणा ना, फोन करून सांगितलं असतं, चूक झाली, पुन्हा घ्या. तिने पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या हातात दिला.

दोन महिन्यांत शेड रिकामी झाली. टाक्या बाहेर काढायला दार पुरेना, म्हणून त्या आतच कापाव्या लागल्या. कापायला वेल्डरच आला. हात थरथरत होते, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मावशींना एका कपडे धुण्याच्या दुकानात काम मिळालं. पैलवान दुसऱ्या गावी गेला. भावोजी एका औषधांच्या गोदामात खोके मोजायला लागले. बाटलीवरचं शेडचं चित्र मात्र तसंच राहिलं, आणि खाली ओळही तीच, की ही बिअर लहान भट्टीत हाताने बनते.

धाकटीला खिडकीची खोली मिळाली. पांढऱ्या कोटाच्या खिशावर निळ्या दोऱ्याने तिच्या कामाचं नाव भरलेलं होतं. घरी तिने सांगितलं, कंपनीने बोलावलं, आपल्यातलं एक तरी माणूस आत असलेलं बरं. थोरलीने पोटाशी धरलं आणि म्हणाली, तुझं तरी चांगलं झालं. ते ऐकताना धाकटीला पायाखालची फरशी सरकेल तर बरं असं झालं. कुणी धमकावलं असतं, लाच दिली असती, तर निदान कुणाकडे बोट दाखवता आलं असतं. तिला कुणी काही मागितलंच नव्हतं.

तिचं नाक काही रुसलं नाही. उलट पूर्वीपेक्षा तल्लख झालं. दर गुरुवारी कारखान्यातून तीच काळसर बिअर तिच्या टेबलावर यायची. दर गुरुवारी पहिल्याच वासाला तिला कळायचं की ही ती नाही, आणि दर गुरुवारी ती खाली सही करायची. प्रयोगशाळेतली मुलं तिला मान द्यायची. कुणी तिची तारीफ केली की ती कोटाचा खिसा हाताने झाकायची. ही तिची सवयच झाली.

थोरलीकडे जाणं तिने कमी केलं. आधी कामाचं निमित्त, मग गुडघ्याचं. तरी महिन्यातून एखादा रविवार जावंच लागायचं. भावोजी खंगले होते. जेवताना पूर्वी मीठ कमी, आंबट जास्त असं काहीबाही बोलायचे आणि थोरलीशी गोड भांडण व्हायचं. आता समोर येईल ते खायचे. थोरली म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी दूध नासलेलं होतं, तसंच प्यायले.

असंच एका रविवारी दुपारी ती गेली तर भावोजी टेबलाशी बसले होते. समोर कंपनीची बाटली, त्यांच्याच बिअरची, आणि शेजारी डॉक्टरांची चिठ्ठी. या वेळचे डॉक्टर औषधांचे. थोरली आत कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्रीचा दाब आणि वाफेचा आवाज मधूनमधून बाहेर येत होता.

"काय झालं?" धाकटीने चिठ्ठी उचलली.

"काही नाही, जीभ दाखवून आलो," भावोजी म्हणाले. "ते म्हणतात काही दोष नाही. पण मला माहीत आहे ना. मी ही बाटली आणतो अधूनमधून. चांगली करतात, नाही म्हणायला जागा नाही. पण मला शेवट वेगळा लागतो गं. दर वेळी वाटतं, हा आपला नाही. आणि तू तर म्हणालीस सारखी आहे. म्हणजे गेली माझी जीभ. बहुतेक आधीच गेली असेल, शेडमध्ये असतानाच. तू बोलली नसशील, मला वाईट वाटेल म्हणून."

ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. तिला त्रास नको म्हणून जरा हसतच सांगत होते.

धाकटीने चिठ्ठी होती तशी घडी घालून ठेवली. तिला वाटलं होतं की आपण यांची नोकरी घालवली. तेवढ्या ओझ्याची तिला सवय झाली होती. या माणसाची जीभ आपण काढून घेतली, सव्वीस वर्षांचा त्याचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला, आणि वर तो आपलीच कड घेत बसलाय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भावोजी, तुमची जीभ ठीक आहे," ती म्हणाली. "ती बिअर सारखी नव्हती. मला कळलं होतं."

आत इस्त्रीचा आवाज थांबला.

"काय कळलं होतं?"

"तिसरा ग्लास वेगळा होता. पहिल्याच वासाला कळलं. मी खोटं लिहिलं."

भावोजींनी बाटलीतून ग्लासात दोन घोट ओतले, पूर्वी ती घ्यायची तेवढेच. एक घोट घेतला, डोळे मिटले, थांबले. डोळे उघडले तेव्हा चेहरा उजळला होता. आजारातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. तेवढा एक क्षण धाकटीला वाटलं, सुटले.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"हो."

"त्यांनी धाक घातला होता?"

"नाही."

"मग?"

खरं सांगायचं तर एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, पण ते वाक्य तोंडात धरून ठेवणंसुद्धा तिला जड गेलं. "त्यांना ते हवं होतं," ती म्हणाली, "आणि मला त्यांच्यातली व्हायचं होतं."

भावोजींनी ग्लास खाली ठेवला. चेहऱ्यावरचा उजेड गेला नाही, पण तो आता तिच्यासाठी नव्हता. थोरली दारात येऊन उभी होती. तिने बहिणीची पिशवी खुर्चीवरून उचलली आणि बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवली.

त्यानंतर धाकटी एकेकाकडे गेली. आपल्याला हलकं वाटावं म्हणून नव्हे, असं ती स्वतःला बजावत होती, पण थोडंफार त्यासाठीही गेली. मावशी कपड्यांचे गठ्ठे लावत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, इथे मला बसायला स्टूल आहे, हात पाण्यात नसतात, माझं बरं चाललंय. तुमचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून जाऊ नका. पैलवानाने फोनवर फक्त 'मला तेव्हाच वाटलं होतं' म्हटलं आणि ठेवला. वेल्डर मात्र बराच वेळ बोलला. ती अट मी तुमच्या भरवशावर घातली असं सगळ्यांना सांगितलं, म्हणाला, पण खरं म्हणजे विकण्याचं पाप एकट्याच्या माथी नको होतं. अर्धं तुमच्या माथी ठेवलं. तिला यात दिलासा मिळायला हवा होता, पण मिळाला नाही. त्याचं त्याने केलं होतं, तिचं तिने.

तिने सगळं लिहून डॉक्टरांनाही दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. माणसाच्या जिभेचं एखाद्या दिवशी असं होतं, म्हणाले, आणि कागद परत केला. त्या शेडमध्ये आता टायरचं दुकान होतं. परत फिरवण्यासारखं काहीच नव्हतं. तो कागद देतानाच तिने कोटही उतरवायला हवा होता, पण त्या दिवशी उतरवला नाही. आणखी सात महिने ती गुरुवारच्या सह्या करत राहिली, घर चालवायचं म्हणून, आणि दुसरीकडे कोण घेणार म्हणून. मग एका गुरुवारी पेन उचलवलं नाही आणि ती घरी आली. आता ती एका बेकरीत पहाटेच्या पाळीला पीठ तपासते.

भावोजींचं मात्र पालटलं. गोदाम सोडून ते शहराबाहेर दोन बहिणी चालवतात त्या लहानशा भट्टीवर जायला लागले. बार्ली भाजायला कुणी जुना माणूस हवा होता. थोरली फोनवर पुन्हा बोलायला लागली, आधी हो-नाहीपुरतं, मग थोडं अधिक. वर्षभराने तिने जेवायला बोलावलं. धाकटी नवऱ्याला घेऊन गेली.

भावोजींनीच दार उघडलं. तब्येत सुधारली होती, हातांना भाजक्या धान्याचा वास होता. ते बाजूला झाले आणि धाकटीकडे बघून म्हणाले, "या. बसा ना. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

थोरलीच्या लग्नापासून तिला धाकटे, अगं, ए अशा हाका मारणारा माणूस. जेवताना त्यांनी तिला दोनदा आग्रह केला, मीठ पुढे सरकवलं, बेकरीतलं काम कसं चाललंय विचारलं. एकदाही आवाज चढवला नाही, एकही टोमणा मारला नाही. प्रत्येक वाक्यात तुम्ही. थोरली खाली मान घालून वाढत होती. धाकटीने पोटभर जेवण केलं, प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं, आणि निघताना त्यांनी जिन्यापर्यंत सोबत केली तेव्हा म्हणाली, "येते, भावोजी."

"या," ते म्हणाले. "सांभाळून जा हं."